एका रात्रीचा पाहुणा

आपल्याकडची सायकल रॅली सकाळी साडेसहाला सुरू होते आणि साडेनऊला संपलेली असते. आमदारसाहेब झेंडा दाखवतात, एका रंगाच्या टी-शर्टांचा फोटो निघतो, पोहे होतात, पदके गळ्यात पडतात. प्रचार नेमका कशाचा झाला, असे विचारले तर उत्तर टी-शर्टाच्या पाठीवर वाचावे लागते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कृषी पर्यटन केंद्रांनी, बेदाणा-हळदवाल्यांनी आणि लहान कारखानदारांनी मिळून टप्प्याटप्प्यांची एक सायकल यात्रा काढावी, असे आम्हाला वाटते. पण ती वरच्या नमुन्यावर निघणार असेल तर न निघालेली बरी.

सायकलच्या जोरावर माल खपवणे ही युक्ती सव्वाशे वर्षांची आहे. १९०३ मध्ये ‘लोटो’ या फ्रेंच दैनिकाचा खप वाढावा म्हणून ‘टूर द फ्रान्स’ सुरू झाली. १९३० पासून तर स्पर्धकांच्या आधी जाहिरातदारांच्या गाड्यांचा ताफा गावातून जाऊ लागला. जर्मनीतली देशव्यापी शर्यत १९११ ची. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांनी बदनाम होऊन ती २००८ नंतर बंद पडली आणि २०१८ मध्ये नव्याने उभी राहिली. आता ती वेगवेगळ्या प्रांतांतून फिरते, आणि खेळाडूंच्या शर्यतीला जोडून हौशी सायकलस्वारांनाही रस्त्यावर उतरू देते. आपल्या शेजारी पुणे जिल्ह्याने जानेवारी २०२६ साठी चार टप्प्यांची, ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर आखली. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ श्रेणीतली देशातली ही पहिली शर्यत. तिच्या निमित्ताने रस्ते सुधारले, ही गोष्ट लहान नाही. पण पुरंदर तालुक्यातून ताशी चाळीसच्या वेगाने जाणारा खेळाडू अंजिरे घ्यायला थांबत नाही. त्याला पाहायला जमलेली गर्दीही तो गेला की पाचव्या मिनिटाला पांगते. शर्यतीतून जिल्ह्याचे नाव होते. आपल्या धंद्याला मात्र थांबणारा माणूस लागतो.

असा माणूस आपल्या दारावरून आजही जातोच आहे. पुण्याहून निघणाऱ्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, पाहा. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे. हातात एक कार्ड असते आणि ठरल्या ठिकाणी त्यावर शिक्का घ्यायचा. सातारा-कराड-कोल्हापूरचा महामार्ग या मंडळींना पाठ आहे. पुण्याहून गोव्यापर्यंत ६४३ किलोमीटर जाणारी ‘डेक्कन क्लिफहँगर’ सातारा जिल्हा ओलांडूनच पुढे जाते. नाशिकहून पंढरपूरची सायकल वारीही आता रुजली आहे. त्यातले सातारा-सांगलीकडून जाणारे जे आहेत, त्यांचा आपल्या जिल्ह्यांशी संबंध येतो तो रात्री उघड्या असलेल्या ढाब्यापुरता. त्यांना आपण कधी हाक मारलेली नाही. मारली असती तरी उतरवले कुठे असते, हा पुढचा प्रश्न.

जर्मनीतून उचलायचे असेल तर शर्यतीपेक्षा हे उचलावे. तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेने, एडीएफसीने, १९९५ पासून ‘बेट अँड बाइक’ नावाची मान्यता सुरू केली. आज पाच हजारांहून अधिक लॉज, घरगुती निवास आणि तंबूतळ त्या पाटीखाली चालतात. अटी वाचल्या तर हसू येईल इतक्या साध्या आहेत. एका रात्रीसाठी आलेल्याला नाही म्हणायचे नाही. सायकल ठेवायला कुलूपबंद जागा हवी. ओले कपडे वाळवायची सोय हवी. सकाळी पोटभर न्याहारी, किरकोळ दुरुस्तीची हत्यारे, जवळच्या सायकल दुकानाचा पत्ता आणि पुढच्या वाटेची माहिती. पोहण्याचा तलाव नाही, डीजे नाही, ‘ॲक्टिव्हिटी झोन’ नाही.

आता आपल्या केंद्राकडे बघा. दोन दिवस-एक रात्रीचे पॅकेज, किमान दहा माणसे, आगाऊ पैसे, शनिवार-रविवार. मंगळवारी संध्याकाळी दोन सायकलवाले फाटकाशी आले तर राखणदार त्यांना हायवेवरचे हॉटेल दाखवतो. त्याचा दोष नाही, त्याला तसे सांगून ठेवलेले असते. बसने येणाऱ्या कुटुंबांचा हिशेब घालून आपण धंदा बसवला आणि आठवड्यातले पाच दिवस खोल्या रिकाम्या ठेवल्या. नोकरीतून रजा काढून सायकलवर निघालेला माणूस नेमका त्या पाच दिवसांत वाटेवर असतो. त्याला सकाळी साडेपाचला चहा आणि भाकरी-पिठले लागते, केळी लागतात, बाटल्या भरून पाणी लागते. आपल्या घरात साडेपाचला चूल पेटलेलीच असते. सायकल मात्र तो नजरेआड करायला तयार नसतो, कारण ती कित्येकदा त्याच्या मोटारसायकलपेक्षा महाग असते. गोठ्यालगतची पेंडीची खोली साफ करून तिला चांगले कुलूप लावले तर निम्मे काम झाले.

यात्रेचा मार्ग कोणता? सगळ्यांचे बोट महाबळेश्वरकडे जाईल. आमचे मत उलटे आहे. पाचगणी-महाबळेश्वरला प्रचाराची गरज उरलेली नाही. तिथल्या रस्त्यावर शनिवारी सायकल चालवणे म्हणजे मोटारींच्या धुरात दम कोंडून घेणे. पसरणी घाट ज्याला चढायचा आहे तो आपल्या हौसेने चढेलच. भिलारच्या पुस्तकांच्या गावात त्याने एक रात्र काढली तर उत्तमच, पण यात्रेचा मुख्य धागा पूर्वेकडून ओढावा. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, औंध, पुसेसावळी, ओगलेवाडी, देवराष्ट्रे, कुंडल, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज. महामार्ग जवळजवळ टळतो, चढ बेताचे आहेत आणि चाळीस-पन्नास किलोमीटरांवर मुक्काम पडतो. नवख्यालाही हे झेपते.

या वाटेवर दाखवण्याजोगे उद्योग आहेत, आणि ते एका गोष्टीत ओवलेले आहेत. कोरेगावहून थोडी वाकडी वाट केली की सातारा रोड. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये तिथे लोखंडी नांगरांचा कारखाना काढला. पुढे १९३७ मध्ये हेच कूपर काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे संग्रहालय आहे. लोक चित्रे बघून परततात. पण या संस्थानिकाचा दुसरा संग्रह वाटेवर पुढे विखुरलेला आहे. कराडजवळची ओगलेवाडी औंध संस्थानातच होती. तिथल्या काच कारखान्याच्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातल्या किती घरांत उजेड दिला, हे साठीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको. आणि किर्लोस्करवाडी.

तिथे थोडे थांबतो, कारण या यात्रेचा मूळपुरुष तिथे भेटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात जे दुकान काढले ते सायकलींचे. भाऊ रामुअण्णा सायकली विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत, शिकवण्याचे पैसे वेगळे. ज्याला चालवता येत नाही तो विकत कशाला घेईल, हे त्या भावांना कळले होते. पुढे लोखंडी नांगर केला तेव्हा जमीन लोखंडाने नासते असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याला तो विकायला दोन वर्षे लागली. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळच्या माळावर जमीन आणि कर्ज दिले, आणि १९१० मध्ये वाडी वसली. १९२० मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. नांगर-चरक घेणाऱ्यांसाठी काढलेले हे पत्रक पुढे मराठीतले मोठे मासिक झाले. स्वतःच्या मालाची जाहिरात करणाऱ्यांनी वाचकाला वाचण्याजोगे काही दिले म्हणून ते टिकले. आपल्या यात्रेच्या प्रत्येक मुक्कामी काय दाखवायचे आणि काय सांगायचे, याचा विचार करताना ‘खबर’चे जुने अंक चाळावेत, अशी आमची शिफारस आहे. नुसता बॅनर लावला की दाखवणे झाले, हा समज त्याने दूर होईल.

सगळेच उद्योग पाहुण्यांना उघडे करता येत नाहीत, हेही बोलून घ्यावे. चालू कारखान्यात परवानगीशिवाय आणि पायात नीट बूट असल्याशिवाय कोणी शिरू नये. सायकलचे बूट तर लादीवर घसरतातच. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात चाळीस माणसे एकदम गेली तर भोपळ्यावर पाय पडेल. तिथे सात-आठ जणांनीच जावे, बाकीच्यांनी दर्गा बघून यावा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्याचा तंबोरा कसा होतो, हे एखादा कारागीर अर्धा तास सांगणार असेल तर त्याच्या अर्ध्या तासाचे पैसे यात्रेच्या शुल्कातून द्यावेत. ‘तुमची जाहिरात होते की’ असे म्हणून कारागिराला फुकट बोलायला लावण्याची आपली खोड जुनी आहे. हरिपूरच्या हळदीच्या पेवांचेही, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचेही, तसेच. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच निकामी झाली. जी शाबूत आहेत ती पाहुण्यांच्या हौसेसाठी उघडू नयेत. बंद पेवातली हवा जीवघेणी असते, झाकण काढून बराच वेळ गेल्याशिवाय जाणता माणूसही आत उतरत नाही. वरून दाखवावे, माहिती सांगावी, पुढे जावे.

तारखांचा घोळ मोठा आहे. आपल्या भागात सायकलला योग्य हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि ऊसही नेमका तेव्हाच रस्त्यावर असतो. उसाने लादलेली डबल ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही, पुढे कर्ण्यावर गाणी, आणि चालकाला मागचे काही ऐकू येत नाही. कारखान्यांच्या गाळपात हा धोका दर वर्षी जीव घेतो आणि सायकलस्वार त्यापुढे सर्वांत उघडा. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आम्हाला त्यातल्या त्यात बरा वाटतो. ऊस ओसरू लागलेला असतो, तासगावकडे बेदाण्याची शेड भरलेली असते, हळद शिजत असते, वरच्या अंगाला स्ट्रॉबेरी शिल्लक असते. उन्हासाठी पहाटे निघून साडेदहाच्या आत मुक्काम गाठावा. मग दुपार मोकळी राहते, आणि आपल्या दृष्टीने दुपार हीच कमाईची वेळ. वाटेवरच्या साखर कारखान्यांना महिनाभर आधी पत्र द्यावे आणि त्या सकाळी ट्रॅक्टर थोडे उशिरा सोडायला सांगावे. न ऐकले तर तो टप्पा फिरवावा. संयोजकाने इथे भिडेखातर गप्प बसू नये.

आता विक्री. सायकलवाला पाच किलो बेदाणा उचलून नेत नाही, हे साधे सत्य विसरून आपण मुक्कामी स्टॉल मांडतो आणि मग ‘सायकलवाले काही घेत नाहीत’ म्हणतो. शंभर आणि अडीचशे ग्रॅमची पाकिटे करा. मोठी मागणी तिथेच लिहून घ्या आणि टपालाने घरपोच पाठवा. तो घरी पोचण्याआधी पार्सल पोचले तर शेजारीही विचारतात. सांगलीच्या बेदाण्याला आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. पण ते चिन्ह पाकिटावर छापायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती केलेली नसेल तर यात्रेआधी करा. शहरातून येणारे हे गिऱ्हाईक पाकीट उलटून वाचणारे आहे.

ब्रेव्हेच्या कार्डाची कल्पना इथे वापरावी, असे आम्ही सुचवतो. प्रत्येक मुक्कामाचा एक शिक्का, आणि कार्ड यात्रेबरोबर संपू नये. पाच दिवसांची यात्रा पन्नास-साठ जणांची असेल, त्यावर कोणाचे पोट भरत नाही. त्यानंतर वर्षभर कोणीही, कधीही, एकटा-दुकटा त्याच वाटेने येऊन तेच शिक्के घेऊ शकला, तर यात्रेचा खर्च निघेल. कोणाला सगळे टप्पे जमणार नाहीत, तो कोयना एक्स्प्रेसने किर्लोस्करवाडीला उतरून दोनच करील. करू द्यावेत. म्हणूनच उद्घाटनाच्या मांडवापेक्षा वळणावळणावरच्या पाट्यांवर पैसे घालावेत, त्याही मराठीत, सायकलवरून वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत. रहिमतपूर, पुसेसावळी, पलूस इथल्या पंक्चरवाल्यांकडे गियरच्या सायकलच्या बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब आणि त्याला बसणारा पंप आधीच नेऊन ठेवावा. त्यांचे नाव-गाव कार्डावर छापावे. या सगळ्या यात्रेत नक्की धंदा होईल असे दुकान त्यांचेच.

ज्या केंद्रांना यात सामील व्हायचे आहे त्यांनी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आम्हाला लिहावे: किती जणांची निजायची सोय, सायकलींना कुलूपबंद जागा किती, आठवड्याच्या मधल्या वारी एका रात्रीचा दर काय. खोल्यांचे फोटो नकोत. एक फोटो मात्र हवाच, स्वच्छतागृहाचा. दोन मुक्कामांच्या मधल्या टप्प्यावर बायकांना थांबायला जागा नाही म्हणून सायकलवर लांब जाणाऱ्या कित्येकजणी पाणी कमी पितात आणि उन्हात आजारी पडतात. तेव्हा वाटेवरच्या प्रत्येक सहभागी दुकानाने, डेअरीने, गुऱ्हाळाने आपले स्वच्छतागृह दिवसभर उघडे ठेवावे. ‘किल्ली मालकाकडे आहे’ हे उत्तर देणाऱ्याचे नाव कार्डावर येणार नाही.