तबकड्यांचा वारस कोण?

मोहम्मद रफी यांनी ३१ जुलै १९८० रोजी मुंबईत देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय अवघे ५५ वर्षांचे होते. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ लोटला. तरीही जुलैअखेर गावोगावी त्यांच्या गीतांच्या मैफली रंगतात, आणि त्यांना प्रत्यक्ष कधीही न ऐकलेली पिढी त्यांत हिरिरीने गाते. २०२४ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही त्यांना मानवंदना देण्यात आली. अमृतसर जिल्ह्यातील कोटला सुलतानसिंग या खेड्यात जन्मलेल्या या गायकाने श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात मराठी गीतेही गायिली आणि मराठी घरांतही हक्काची जागा मिळविली.

जुहूच्या दफनभूमीतील त्यांची कबर २०१० साली नव्या दफनांना जागा हवी म्हणून हटविण्यात आली. मधुबाला, साहिर आणि नौशाद यांच्या कबरींच्याही वाट्याला तेच आले. चाहते आजही तेथे जातात. जवळचे एक नारळाचे झाड हीच त्यांची खूण. या घटनेने अनेकांची मने दुखावली, ते स्वाभाविकच होते. परंतु महानगरातील दफनभूमीला जागेची मर्यादा असते, हेही मान्य करावयास हवे. त्याहून मोठी हानी मात्र नि:शब्दपणे चाहत्यांच्या स्वत:च्या घरांतच होत असते आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

उमेदीच्या काळात पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एखाद्या रसिकाच्या कपाटात असतात. लाखेची ती तबकडी ठिसूळ; हातातून निसटली की संपली. तिच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. त्यामुळे चित्रपटातील एखादे कडवे तबकडीवर नसे, तर कधी दोहोंतील वाद्यमेळ वेगळा असे. हे बारकावे त्या रसिकाला मुखोद्गत असतात. तो गेला की मुलांपुढे प्रश्न उभा राहतो, ‘या जुन्या थाळ्यांचे करायचे काय?’ आणि पुष्कळदा त्यांचे उत्तर रद्दीवाल्याच्या तराजूत पडते.

‘आता सारे काही मोबाईलवर मिळते’ असे म्हणणाऱ्यांनी तेथील गाण्यांखाली दिलेली माहिती एकवार तपासून पाहावी. कोठे गीतकाराचे नावच नाही, कोठे चित्रपट भलताच. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज़’ यांनी दशकवार ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला नसता, तर ही गफलत निस्तरणे किती कठीण झाले असते! कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ची ध्वनिमुद्रणे २०१३ पासून या हक्कातून मुक्त झाली आहेत. ज्या मालावरील मक्ता संपला, त्याच्या जपणुकीत व्यापाऱ्याला कितीसे स्वारस्य राहणार? अशा वेळी भार येतो तो रसिकावरच.

रफीश्रेष्ठ की किशोरश्रेष्ठ, हा वाद घालण्यात आयुष्य वेचणाऱ्यांनी त्यातील एखादा रविवार आपल्या संग्रहाची यादी करण्यासाठी राखून ठेवला, तर तीच त्या स्वरांची खरी सेवा ठरेल. तबकडीचा क्रमांक, चित्रपट, वर्ष, गीतकार, संगीतकार, सहगायक आणि तबकडीची सद्य:स्थिती एवढे एका साध्या वहीत लिहिले, तरी पुरे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने अशाच संग्राहकांना एकत्र आणले. शहाण्या चाहत्याने असा सहवास शोधावा.

बँकेच्या खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मुदत ठेवीच्या अर्जावर मुलाचे नाव न विसरता घालणारे कितीतरी रसिक तबकड्यांबाबत मात्र अवाक्षर लिहून ठेवत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने नामनिर्देशित व्यक्ती मालक नसते, विश्वस्त असते. आणि तबकड्यांना विश्वस्तच हवा असतो. तो मुलगाच असला पाहिजे असे नाही. शेजारची गाणवेडी मुलगी, एखादे महाविद्यालय किंवा गावचे ग्रंथालयही चालेल. मात्र त्यांची संमती रसिकाच्या हयातीतच घेतलेली असावी आणि वहीच्या पहिल्या पानावर ते नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.