वाटप झालं, ऐकण्याचं काय?

नंदुरबार जिल्ह्यात श्रवणयंत्र मिळवणं आता फारसं अवघड नाही. अवघड आहे ते त्यातून ऐकू येणं. यंत्र देताना फोटो काढता येतो, ऐकू येण्याचा काढता येत नाही. सगळा घोळ इथे आहे. मी शहाद्याचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. दोन्ही कानांत यंत्रं घालतो, म्हणून या विषयावर बोलण्याचा हक्क सांगतो. कुणाला उलट उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्यावं, आता मला ऐकू येतं.

आधी शिबिराचं बघू. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे पाच-सहा हसऱ्या चेहऱ्यांचा बॅनर. पाड्यावरून जीप भरभरून माणसं आणलेली. नाव पुकारलं की आजी पुढे येते. खोक्याची छापील बाजू कॅमेऱ्याकडे करून ते तिच्या हातात देतात. मग कुणीतरी यंत्र तिच्या कानात खुपसतं आणि वाकून ओरडतं, "आजी, ऐकू येतंय का?" आजी मान हलवते, टाळ्या पडतात. एवढ्या जवळून एवढ्या जोरात विचारलं तर यंत्राशिवायही तिला ऐकू आलं असतं, हे मांडवात कुणाच्या डोक्यात येत नाही. तिचा कान आधी कुणी बॅटरी मारून पाहिला का? त्यात मळाचा बोळा आहे, पडद्याला भोक आहे, की लहानपणापासून कान वाहतोय? वाहत्या कानात प्लास्टिकचं टोक घट्ट बसवून वर यंत्र लावणं म्हणजे दुखण्याला बूच मारणं. पण दुखणं तपासायला वेळ लागतो, आणि पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं.

धडगावकडच्या एका घरात मी असं यंत्र पाहिलं. कणगीशेजारच्या खुंटीला, प्लास्टिकच्या पिशवीत, खोक्यासकट टांगलेलं. सोबतच्या सेलांवरचं स्टिकर तसंच होतं. हे सेल जस्त-हवेचे असतात. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू दिली की ते जागे होतात, आणि एकदा जागे झाले की यंत्र वापरा न वापरा, उतरतच जातात. म्हणजे ते स्टिकर निघालं नव्हतं याचा अर्थ त्या म्हातारीने यंत्रातून एक शब्दही ऐकला नव्हता. सरकारी वहीत मात्र ती लाभार्थी. मोलगीच्या बाजारात मिरची, मीठ आणि मोबाइलचं रिचार्ज मागितलं की मिळतं. तिथे ६७५ नंबरचा सेल एकदा मागून बघा. चार्जिंगचं यंत्र द्या म्हणणाऱ्यांनी आधी पाड्यावरच्या विजेची चौकशी करावी.

आता कायद्याची गंमत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ म्हणतो की दोन्ही कानांत बोलण्याच्या ध्वनिपट्ट्यांत ६० ते ७० डेसिबल हानी असेल तर तुम्ही 'कमी ऐकू येणारे', ७० असेल तर 'बहिरे'. साधं बोलणं असतं सुमारे ६० डेसिबलचं. म्हणजे दोन्ही कानांची ५५ डेसिबल हानी झालेल्या माणसाला घरातलं बोलणं जेमतेम पोचतं, आणि कायद्याच्या लेखी त्याला काही झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना बऱ्या कानात ३५ डेसिबलच्या पुढे हानी गेली की अडचण मानते. आपण ६० पर्यंत थांबतो. केंद्राच्या १९८१ पासून चालत आलेल्या एडिप योजनेत यंत्र फुकट हवं तर ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हवा आणि महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांच्या आत हवं. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. ६५ वर्षांवरच्यांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये. त्या यादीत चष्मा, काठी, व्हीलचेअर, कंबरेचा पट्टा यांच्या रांगेत श्रवणयंत्रही आहे. ज्याने हे लिहिलं त्याने ३,००० रुपयांत आपल्या आईसाठी श्रवणयंत्र आणून दाखवावं. एवढ्यात येतो तो फक्त आवाज वाढवणारा डबा. त्यात पंखा, कुत्रं, ट्रॅक्टर आणि नातू सगळे सारखेच ओरडतात.

कान गेलेल्या माणसाचं खरं गाऱ्हाणं आवाजाचं नसतंच. आमच्याकडचे म्हातारे अहिराणीत म्हणतात, "माले आयकू येस, पन समजत नही." यात अख्खं शास्त्र आलं. वयाने कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ, ख हे वरच्या पट्टीतले, ते गळतात. मग व्यापाऱ्याने मिरचीचा भाव सात सांगितला की साठ, ते अंदाजाने ठरवावं लागतं. शिवाय असा कान हळू आवाज सोडून देतो आणि मोठ्या आवाजाने ठणकतो. म्हणून "जरा मोठ्याने बोल" म्हणणारा म्हातारा पुढच्या क्षणी "ओरडतोस कशाला?" म्हणून खेकसतो. घरचे त्याला तऱ्हेवाईक ठरवतात. तो तऱ्हेवाईक नाही, त्याच्या कानाची मोठा आवाज सोसायची ताकद कमी झाली आहे. यंत्राला नेमकं हेच सांभाळायचं असतं. हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी वाढवायचा, आणि तेही प्रत्येक पट्टीत वेगवेगळं, त्या एका माणसाच्या श्रवण-आलेखाप्रमाणे, म्हणजे ऑडिओग्रामप्रमाणे. चष्मा डोळ्यावर ठेवला की दिसतं. यंत्र कानात ठेवून तसं ऐकू येत नाही, ते जुळवावं लागतं. मांडवात वाटलेली शंभर खोकी एकाच मापाची असतात, शंभर कान नसतात.

गरिबाचं हे झालं. पैसेवाल्याची लूट अधिक सभ्य असते. सुरत जवळ, नाशिक लांब, म्हणून आमचे लोक दवाखान्यासाठी आणि यंत्रासाठी सुरतेची गाडी धरतात. मीही एका मोठ्या शहरातल्या गारेगार दुकानात बसून आलो. विक्रेत्याने काका-काका केलं, चहा पाजला आणि चॅनेल, म्हणजे वेगवेगळ्या जुळवता येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्या, विकायला काढले. चारपेक्षा आठ बरे, आठपेक्षा सोळा, सोळापेक्षा बत्तीस. भाव पंधरा-वीस हजारांपासून जोडीला दोन-अडीच लाखांपर्यंत चढत गेला. मी दिवसभर कुठे बसतो, कुणाशी बोलतो, ग्रामसभेत जातो की देवळात, फोन कुठल्या कानाला लावतो, यातलं काही त्याने विचारलं नाही. "कुणाला दिसणारसुद्धा नाही, काका," हे मात्र वारंवार ऐकवलं. अहो, कानात पूर्ण शिरणाऱ्या त्या यंत्राचा सेल बोटाच्या पेरावर हरवतो. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, नांगर धरलेल्या हातांनी तो बदलायचा कसा? आणि फार गेलेल्या कानाला त्या चिमुकल्या यंत्राची ताकद पुरत नाही. कानामागचं यंत्र दिसतं, पण कामाचं असतं. माणूस दर दुसऱ्या वाक्याला "काय?" म्हणतो तेव्हा बहिरेपण दिसत नाही का?

मग जुळवणी. आलेख संगणकात टाकला, एक बटण दाबलं, कंपनीने ठरवून दिलेले आकडे यंत्रात उतरले, झालं काम. वास्तविक कानाच्या नळीत बारीक नळी सरकवून पडद्याजवळ आवाज खरोखर किती पोचतो ते मोजता येतं. 'रिअल इअर' मोजणी म्हणतात तिला, आणि ती काही काल-परवा निघालेली नाही. मी तिच्याविषयी विचारलं तर विक्रेत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उधारी मागतोय. यंत्र घालून अर्धा तास बाहेर रस्त्यावर जाऊन येतो म्हटलं, तर आधी पूर्ण पैसे भरा म्हणाला. बंद काचेच्या खोलीत सगळ्यांनाच ऐकू येतं. माझं भांडण तिथल्या शांततेशी नव्हतं, शहाद्याच्या बाजाराशी होतं.

यंत्र घेतल्यावर काय होतं हेही कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पहिल्या दिवशी आपलाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो. भांडी टोचतात, कागद कडकडतो, वर्षानुवर्षं न ऐकलेला पंखा डोक्यात घरघरतो. यंत्र बिघडलंय असं वाटून माणूस ते काढून कपाटात ठेवतो, आणि तिथेच पैसे बुडतात. बिघडलेलं काही नसतं, मेंदूची सवय गेलेली असते. सुरुवातीला यंत्र शांत घरात, एका माणसाशी बोलताना, दिवसाचे थोडे तास घालायचं. मग टीव्ही, मग ओटा, मग बाजार. कोणता आवाज टोचतो, कुणाचं बोलणं कळत नाही, ते वहीत लिहायचं आणि ती वही घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, परत जायचं. तो आकडे थोडे हलवतो. शिट्टी वाजत असेल तर कानाचा साचा नव्याने घेतो. हे काही आठवडे, कधी काही महिने चालतं. यंत्राच्या किमतीत खरं मोल या खेपांचं आहे. दुकान खेपा टाळतं, आणि शिबिराला तर दुसरी खेपच नसते.

घरचेही काही सोवळे नाहीत. तीस हजारांचा मोबाइल बाळगणारा मुलगा आईसाठी ऑनलाइन हजार-दीड हजारांचा डबा मागवतो आणि ती वापरत नाही म्हणून तिलाच बोल लावतो. "म्हातारपणी चालायचंच," हे त्याचं ठरलेलं वाक्य. चालायचंच कसं? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ घटकांत श्रवणऱ्हास धरला आहे. ज्याच्याशी कुणी बोलत नाही, तो म्हातारा आधी गप्प होतो आणि मग विसरायला लागतो. जोरात बोलून उपकार करू नका, समोर बसून सावकाश बोला. त्याला खर्च नाही.

डोंगरात कोण जाणार, माणसं कुठून आणणार, ही सबब मी ऐकणार नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. पंतप्रधान आले होते. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, सगळं मोजायची यंत्रं गावात पोचली. सरकारला लोकांची ओळख मोजायची होती, ती मोजली. लोकांचे कान मोजण्यात सरकारला रस नाही, एवढाच फरक. जिल्हा १९९८ चा, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० चं. आता निदान दर महिन्याला, आठवडे बाजाराच्या दिवशी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक ऑडिओलॉजिस्ट बसवा. बाजाराला माणूस येतोच, त्याला वेगळी जीप लागत नाही. सोबत पावरी, मावची, भिली, अहिराणी बोलणारं माणूस द्या. "आवाज आला की बोट वर करा" हेच ज्याला कळलं नाही, त्याचा आलेख खोटाच निघणार. सेल बदलणं, साचा धुणं, शिट्टी ओळखणं आशाताईंना शिकवता येतं. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांकडून हे काम करून घ्या, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आणि वाटपाचा आकडा छापायचा असेल तर सहा महिन्यांनी किती जण यंत्र घालतात तोही त्याच्या शेजारी छापा. तेवढं धाडस दाखवा, मग बॅनरवर हवे तेवढे चेहरे लावा.

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर, वाचकहो, आधी कानाच्या डॉक्टरांना कान दाखवा. ऑडिओग्रामची प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. पुढच्या फेरजुळण्या किती आणि कुठे, हे बिलावर लिहून घ्या. पैसे देण्याआधी यंत्र घालून रस्त्यावर जाऊन या. दुकानदार नाही म्हणाला तर पायरी उतरा.