विज्ञान दिनाला पाठांतर पुरे, आता प्रश्न हवेत

28 फेब्रुवारी आला की शाळेत भाषणं ठरलेली. “1928 साली सी. व्ही. रामन यांनी रामन परिणाम शोधला, 1930 मध्ये नोबेल मिळालं.” टाळ्या, संपलं! त्या शोधाचं आज काय चाललंय, ते मात्र राहून जातं. माझ्या मते तेच सांगायला हवं.

रामन परिणाम म्हणजे काय? एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. त्याची थोडी ऊर्जा आत राहिलेली असते. किती राहिली, यावरून आत काय हललं ते कळतं. चाकणला ज्यांचे आईवडील कंपनीत क्वालिटीला आहेत, त्या मुलांना पार्ट न फोडता तपासणं नवीन नाही.

आता अतिवाहक घ्या. 1911 साली कॅमरलिंग ओन्स यांनी पारा उणे 269 अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. एमआरआय मशीनचा चुंबक याच गुणावर चालतो. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या करून एकत्र वागतात. त्यांची काही सामूहिक हालचाल एखाद्या कणासारखीच वागते, तिला क्वासीपार्टिकल म्हणतात. तळेगाव चौकातली कोंडी आठवा. पुढचा कंटेनर सरकला की मोकळी जागा मागे मागे जाते. ती काही गाडी नव्हे, तरी तिला वेग आहे, दिशा आहे. तसंच हे.

हे पकडायचं कसं? प्रकाशानं! 1980 साली सूर्यकुमार आणि क्लाइन यांनी नायोबियम डायसेलेनाइड या अतिवाहकावर रामनची पद्धत वापरली आणि अनपेक्षित खूण मिळाली. पुढच्या वर्षी लिटलवुड आणि वर्मा यांनी तिचा अर्थ लावला. आज तिला हिग्ज मोड म्हणतात.

आणखी एक पाहुणा अजून हुलकावणी देतोय. 1937 साली मायोराना यांनी स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेला कण सुचवला. 2018 मध्ये अतिवाहक जोडलेल्या सूक्ष्म तारेत तसा क्वासीपार्टिकल सापडल्याचा दावा ‘नेचर’मध्ये छापून आला. आकडे पुन्हा तपासल्यावर 2021 मध्ये लेखकांनी तो मागे घेतला. ती मोजमापं विजेची होती. प्रकाशानं तो ओळखायच्या पद्धतीही शास्त्रज्ञांनी सुचवल्यात. एका साक्षीवर निकाल नको, नाही का?

मुलांना मला ही माघारच आधी सांगावीशी वाटते. आपण खाडाखोडीला मार्क कापतो, विज्ञान मात्र खाडाखोडीनंच पुढे जातं.

“प्राथमिकला एवढं अवघड कशाला?” असं काही जण म्हणतील. नावं पाठ करून घेऊच नका. वर्गात अंधार करा, टॉर्चवर तळहात ठेवायला लावा. हात लाल दिसेल. हा रामन परिणाम नव्हे, पण प्रकाश आतली बातमी बाहेर आणतो, हे मुलं स्वतः बघतील. मग विचारा, “लालच का?” आणि उत्तर सांगायची घाई करू नका.