काय विझलं तरी चालेल?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी माळ्यावरून विजेच्या दिव्यांची माळ खाली काढायची आणि ती लागत नाही असं जाहीर करायचं, हा आमच्या घरचा कुळाचार आहे. सारे दिवे एकामागून एक एकाच तारेत ओवलेले. त्यातला एक रुसला की सगळी पंगत उठते. मग मी खुर्चीवर उभा राहून एकेक दिवा हलवून पाहतो, मुलगी खालून ‘बाबा, नाही अजून’ म्हणत राहते, आणि शेवटी सौभाग्यवती चार पणत्या लावून प्रश्न निकालात काढते. यंत्रांशी माझं नातं किती जिव्हाळ्याचं आहे, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना सांगायला नकोच. पेशानं मराठीचा प्राध्यापक. विजेशी माझा संबंध उपमेपुरता.

असा मी यंदाच्या मे महिन्याच्या सुटीत एका विमानाच्या तारा जोडून आलो, यावर आमच्या कॉलेजात कोणीही विश्वास ठेवायला तयार नाही. म्हणून ती हकिगत इथं सांगतो.

त्याचं असं आहे. माझा आतेभाऊ अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन गावी असतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. राइट बंधूंचं सायकलचं दुकान याच गावातलं. गावच्या हवेचा परिणाम म्हणा किंवा पन्नाशी जवळ आल्याचा म्हणा, दादानं सहा वर्षांपूर्वी आपल्या गॅरेजमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. तेव्हापासून मोटार बिचारी बाहेर बर्फात उभी असते. त्या देशात अशा हौशी लोकांची १९५३ सालापासून एक मोठी संघटना आहे, आणि दर उन्हाळ्यात ऑशकॉश गावी त्यांची जत्रा भरते. कायद्याचं म्हणणं एवढंच, की विमानाचं अर्ध्याहून अधिक काम हौसेनं किंवा शिकण्यासाठी, स्वतःच्या हातानं झालेलं पाहिजे. आणि बसायच्या जागेपाशी ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द ठळक अक्षरांत रंगवला पाहिजे. म्हणजे बसणाऱ्यानं वाचून, समजून, मग पाय आत टाकावा! आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी तर कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा हे वेड केवळ साहेबाच्या देशातलं आहे असं कुणी समजू नये.

आम्ही उभयतां पोहोचलो तेव्हा सांगाडा उभा होता, पंख भिंतीला टेकून ठेवले होते, आणि काम आलं होतं विजेवर. समोरच्या फळीमागून तारांचे झुबके असे लोंबत होते, की आमच्या सौ.ला वाळत घातलेल्या शेवयाच आठवल्या. दादा म्हणाला, “तुझं अक्षर चांगलं आहे. तू चिठ्ठ्या लिही.” प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच आकडा डकवायचा, मग मी यादीतून आकडा वाचायचा, त्यानं दोन्ही टोकांना मीटर लावायचं. तार अखंड असेल तर मीटर ‘पीं’ करतं. दोन दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की हे तर मुद्रितं तपासण्याचं काम! वीस वर्षं मी दुसरं काय करीत आलोय?

आणि हां हां म्हणता मला त्यात गोडी वाटू लागली. मोटारीतल्यासारखीच बारा व्होल्टची बॅटरी, पण सात किलोंची. नाक इंजिनामुळे जड, म्हणून तोल सांभाळायला ती बसायच्या जागेच्या मागं ठेवलेली. तिच्याशेजारी एक भलामोठा चुंबकी स्विच. फळीवरची मेनची कळ दाबली की तो मागं ‘टक्’ असा वाजतो आणि सगळ्या विमानाला वीज मिळते. तारांचं वेष्टनही साध्या प्लास्टिकचं नव्हे. ते जळलं तर त्याचा धूर कोंडलेल्या जागेत जीव घेईल, म्हणून महागातलं, सहजी न पेटणारं. “आणि हा फ्यूज रेडिओला वाचवायला नसतो बरं का,” दादा म्हणाला, “तारेला वाचवायला असतो. रेडिओ जळला तर नवा आणता येतो. तार पेटली तर आपण कुठं उतरणार?”

मी शंका काढली, “पण वीज गेली की इंजिन बंद पडून विमान खालीच येणार ना?”

दादा हसला. त्याच्या इंजिनाला दोन मॅग्नेटो आहेत. इंजिन फिरतं तोवर ते आपली ठिणगी आपणच पाडतात. त्यांना बॅटरीचं तोंड पाहावं लागत नाही. नव्या पद्धतीच्या काही इंजिनांना मात्र ठिणगीसाठीही वीज लागते आणि तिथं सगळाच हिशेब निराळा होतो. पण युक्ती जुनी. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइटांचं विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा त्यावर बॅटरी नव्हतीच. इंजिन चालू करण्यापुरते कोरडे घट वापरले आणि ते जमिनीवर ठेवूनच बारा सेकंदांचं ते उड्डाण झालं. म्हणजे विमानाचा प्राण एकीकडे आणि डोळे-कान दुसरीकडे. वीज गेली तर विमान पडत नाही; आंधळं-बहिरं होतं. रात्रीच्या वेळी, ढगांवर, अनोळखी मुलुखात आंधळं होणं हे काही कमी नव्हे.

खरा प्रसंग घडला तो जेवणाच्या टेबलावर. वहिनींनी सहा वर्षं या विमानाला ‘तुमची ती सवत’ यापलीकडे नाव दिलं नव्हतं. त्या रात्री त्या भाताचं भांडं बाजूला सारून म्हणाल्या, “एकच विचारते. आपण दोघं रात्री वर आहोत आणि वीज करणारं ते यंत्र बंद पडलं. मग माझ्यासमोर काय काय विझणार?”

दादा म्हणाला, “बॅटरी आहे की!”

“किती वेळ?”

दादा गप्प. मग त्यानं कागद ओढला. बॅटरी सोळा अँपिअर-तासांची. म्हणजे एक अँपिअर खर्चला तर सोळा तास, सोळा खर्चले तर एक. पण बॅटरी म्हातारी होते, थंडीत आखडते, म्हणून बाराच धरायचे. अल्टरनेटर गेला तर मेन बंद करायचा. कारण तो मागचा चुंबकी स्विच नुसता मिटून राहायलाच एक अँपिअरभर वीज खातो! उतरतानाचा मोठा दिवा, पंखांवरचे दिवे, आसनाची ऊब, सगळं त्याबरोबर विझतं. मग दुसरी, एक छोटी कळ दाबायची. तिच्यातून एक वेगळी तार बॅटरीकडून थेट एका छोट्या पट्टीला येते आणि त्या पट्टीवर फक्त निवडक मंडळी असतात. दादाच्या यादीत ती अशी होती: आकाशातला तोल दाखवणारा पडदा, दीड अँपिअर, रेडिओ, अर्धा, रडारवाल्यांना आपला ठावठिकाणा सांगणारा ट्रान्सपाँडर, अर्धा, वाट दाखवणारं जीपीएस, अर्धा, आणि ऑटोपायलट, एक. एकूण चार.

“म्हणजे तीन तास,” वहिनी म्हणाल्या. “आणि टाकीतलं पेट्रोल?”

“साडेतीन तासांचं.”

“मग शेवटचा अर्धा तास मी काय करायचं? रामरक्षा म्हणायची?”

कुणी हसलं नाही. पेट्रोल असेतोवर वीज टिकली पाहिजे, ही वहिनींची अट. आणि पुढं दादानं मला दाखवलं, की या विषयातली जाणती माणसंही नेमकं तेच सांगतात. मोठी बॅटरी घ्यावी तर वजन वाढतं. म्हणजे यादीतला कोणीतरी एक विझवायला हवा. दादा पडद्यावर बोट ठेवी, उचली. रेडिओवर ठेवी, उचली. ऑटोपायलटकडे मात्र त्याचं बोट जाईना, कारण तो त्यानं स्वतः बसवला होता, दोन हिवाळे खर्चून. वहिनींनी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या ओळीवर शांतपणे काट मारली.

“हात आहेत ना तुम्हांला?”

उरले तीन अँपिअर. बाराला तीन म्हणजे चार तास. दादानं एवढं मात्र जोडलं, की रेडिओचा अर्धा अँपिअर हा ऐकण्यापुरता. बोलायला कितीतरी जास्त लागते. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पाहिलंत भावोजी? ऐकायला कमी लागते, बोलायला जास्त. लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगतेय?” आणि मग सगळे पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी त्या छोट्या पट्टीवरून रेडिओला जाणारी तार माझ्या हाती आली. टोक सोलायचं, त्यावर लग चढवायचं, खास चिमट्यानं एकदाच घट्ट दाबायचं. कथलाचा डाग द्यायचा नाही, कारण डागाशेजारी तार ताठर होते आणि हादऱ्यांनी तिथंच मोडते. आत एकोणीस बारीक तारा. माझ्या हातून सोलताना त्यांतल्या दोन कापल्या गेल्या. मी पाहिलं. दादा पंखाशी होता. मी लग चढवलं, दाबलं, ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं. मीटरनं ‘पीं’ केलं. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात आकडा होता. आता ती जागा फळीमागं जाणार होती आणि पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडणार नव्हती.

रात्री झोप येईना. एकोणिसात दोन गेल्या म्हणून विजेचं फारसं अडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण रोजच्या हादऱ्यांनी उरलेल्या एकेक करून त्याच जागी तुटत जातात, हेही दादानंच सांगितलं होतं. भाताचं भांडं बाजूला सारणाऱ्या वहिनी डोळ्यांसमोर येत. त्यांनी पेन्सिलीनं राखलेला तो रेडिओ. उत्तरपत्रिकेत गुण मोजताना एखादी चूक राहिली तर पुन्हा तपासणी असते. इथं ती कोण मागणार?

सकाळी चहाच्या आधी मी दादाला सांगितलं. चाळिशी उलटल्यावर चूक कबूल करताना घसा इतका कोरडा पडतो, याची मला कल्पना नव्हती. तो रागावला नाही, ‘चालायचंच’ असंही म्हणाला नाही. गॅरेजमध्ये गेला, ते टोक पकडीनं कापलं, तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “पुन्हा कर.” मी केलं. एकोणीसच्या एकोणीस मोजून.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. सरकारी तपासणी झाली. मग जमिनीवर उभ्याउभ्या इंजिन चालू ठेवून त्यानं आधी अल्टरनेटर बंद केला, मग मेन. सगळी फळी काळी झाली, इंजिन चालूच. छोटी कळ दाबल्यावर पडदा उजळला, जीपीएस उजळलं आणि रेडिओ बोलला. तीनच अँपिअर भरले. आता तो एकट्यानं उडतो आहे, कारण नव्या विमानाला सुरुवातीचे २५ किंवा ४० तास पाहुणा न्यायची बंदी असते. त्याच्या विमानाला ४० सांगितले आहेत, त्यांतले बारा झाले. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा घातला आहे, आणि ‘सवत’ हा शब्द त्या घरातून गेला आहे.

यंदा माळ काढली. नेहमीप्रमाणे लागली नाही. मी खुर्ची ओढली, तर सौ. म्हणाली, “राहू द्या हो. माळ विझली तरी चालेल. आधी काडेपेटी आणि टॉर्च कुठं ठेवलाय ते सांगा.”

मला आठवेना. सध्या घरात त्यांचाच शोध चालू आहे. तो तुकडा मात्र हाताशी आहे; माझ्या लेखणीच्या डब्यात, टाचण्यांशेजारी.