आवडलं म्हणून हलकं?

‘ग्लो ऑफ होप’ हे माझं आवडतं चित्र आहे, असं चित्रकलेच्या जाणकारांत बसून सांगून बघा. कुणी वाद घालणार नाही. वाद घालण्याजोगं काही तुम्ही बोललात असं त्यांना वाटतच नाही. एखाद्यानं ‘आपल्याला बुवा श्रीखंडच आवडतं’ म्हणावं आणि बाकीच्यांनी कौतुकानं हसावं, तसं काहीतरी होतं आणि बोलणं पुढे सरकतं. त्या हसण्यात एक अख्खा पूर्वपक्ष दडलेला असतो. तो कुणी मांडत नाही, म्हणून त्याला उत्तरही मिळत नाही. इथे तो आधी मांडतो आणि मग खोडतो.

चित्र बहुतेकांच्या ओळखीचं आहे, नाव ठाऊक नसलं तरी. अंधारात उभी असलेली साडीतली स्त्री, एका हातात तेवता दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि त्या उजेडानं खालून उजळलेला चेहरा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या जयचामराजेंद्र कलादालनात आहे. त्याच्या छापील प्रती फ्रेमवाल्यांच्या दुकानांत, दवाखान्यांच्या बाकांसमोरच्या भिंतींवर आणि दिवाळीत प्रत्येकाच्या फोनवर असतात. चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर, मूळचे सावंतवाडीचे. जन्म १८८२ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९६८ साली ते गेले. दिवा धरून उभी राहिली ती त्यांचीच मुलगी.

पहिला आक्षेप सवयीचा. लोकांना हे चित्र आवडतं कारण ते सगळीकडे दिसतं. जे दिसत राहतं ते आवडू लागतं. यात चित्राचा गुण कोणता? आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंग यांनी २००३ साली फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी चित्रांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. पुस्तकांत जी चित्रं जास्त वेळा छापली गेली, तीच लोकांना जास्त आवडतात, असं त्यांना दिसलं. पुढे एका वर्गात ते शिकवता शिकवता, काही न सांगता, कमी छापली गेलेली चित्रं वारंवार पडद्यावर दाखवत गेले. सत्राच्या शेवटी त्या विद्यार्थ्यांत प्रसिद्ध चित्रांकडचा ओढा उरला नाही. म्हणजे झालंच, आवड ही निव्वळ ओळख!

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१३ साली ब्रिटनमधल्या काही अभ्यासकांनी हाच प्रयोग दोन निराळ्या चित्रकारांवर केला. एक टॉमस किंकेड, अमेरिकेत घरोघरी खपलेला, गुलाबी उजेडातल्या झोपड्या काढणारा. दुसरा एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश चित्रकार जॉन एव्हरेट मिले. किंकेडची चित्रं जसजशी पुन्हा पुन्हा दिसली, तसतशी ती लोकांना कमी आवडू लागली. मिलेच्या बाबतीत तसं झालं नाही. वारंवार पाहण्यानं आवड नुसती वाढत नाही, चित्रात काही नसेल तर ती उतरतेही. हळदणकरांच्या दिव्याला हा निकष लावा. किती दिवाळ्या गेल्या, किती वाईट छपाईत, किती भडक रंगांत ते आपल्यासमोर आलं. तरी त्याचा वीट आलेला नाही. सवयीचा आक्षेप घेणाऱ्यानं या टिकण्याचं कारण सांगायला हवं. ते तो सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त सुशिक्षित आहे: ‘हे कसब आहे, कला नाही. फोटोसारखं हुबेहूब काढलंय म्हणून लोक थक्क होतात.’

हुबेहूब हा शब्द इथे लागूच पडत नाही, हे समजायला थोडं रंगाच्या वाटीत डोकवावं लागेल. अंधाऱ्या खोलीत दिवा पेटलेला असतो तेव्हा ज्योत आणि कोपऱ्यातला काळोख यांच्या उजेडात हजारोपटींचा फरक असतो. चित्रकाराच्या हाती काय असतं? कागद. कागदाच्या पांढऱ्याहून उजळ असं त्याच्याकडे काहीच नाही, आणि सर्वांत गडद रंगसुद्धा खोलीतला थोडा उजेड परत फेकतोच. पांढऱ्या कागदापासून काळ्या रंगापर्यंतची ती सगळी मजल काही दहापटींच्या पलीकडे जात नाही. हजारोपटींचा उजेड एवढ्याशा मजलीत बसवायचा तर नक्कल करून भागत नाही. ज्योत हवी तेवढी उजळ करता येत नाही, म्हणून बाकीचं सगळं खाली ओढावं लागतं: कपाळ हनुवटीपेक्षा किती मंद, खांदा कपाळापेक्षा किती, पदराची दूरची कड भिंतीत विरायच्या आधी किती उरवायची. ही उतरंड एका ठिकाणी जरी चुकली तरी दिवा विझतो. म्हणजे कागदावर पिवळा ठिपका उरतो आणि बाई नुसती रंगवलेली दिसते. डोळ्यांना जे खरं वाटतं ते इथे मोजून मापून रचलेलं असत्य आहे.

आणि हे जलरंगात. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. एवढा खोल काळोख तैलरंगाचाच असणार असं ते धरून चालतात. तैलरंगात गडदावर फिकट चढवता येतो, चुकलं तर खरवडून पुन्हा लावता येतो. पारदर्शक जलरंगाची रीत उलटी. उजेड म्हणजे न रंगवलेला, राखून ठेवलेला कागद. गडद चढवत जायचं, एकेक पातळ हात वाळू देत. जिथे उजेड हवा तिथे हात एकदा चुकून गेला की तो उजेड परत आणणं जवळजवळ अशक्य. आणि थरावर थर जास्त झाले की रंग मळतो, काळोखाचा चिखल होतो. दिव्याभोवतीचा काळोख जलरंगात असा काढणं, की तो खोलही असावा आणि त्यात हवाही खेळती असावी, याला नुसतं कसब म्हणणाऱ्यानं अर्धा तास ब्रश हातात घ्यावा.

बोटांकडे तर कुणीही पाहावं. ज्योतीसमोर हात धरला की बोटांच्या कडा लालसर पेटतात, कारण रक्त उजेडातला निळा-हिरवा भाग गिळतं आणि लाल तेवढा पलीकडे जाऊ देतं. हे शास्त्र ठाऊक नसलेल्या माणसालाही ती लाली ओळखीची असते. युरोपात सतराव्या शतकात हीच लाली एका फ्रेंच चित्रकारानं टिपली होती: लॉरेन प्रांतातला जॉर्ज द ला तूर. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या त्याच्या चित्रात म्हातारा जोसेफ वाकून लाकडाला भोक पाडतो आहे आणि बाळ येशू मेणबत्ती धरून उभा आहे. मुलाचा एक हात ज्योतीच्या आड आहे आणि त्या हातातून उजेड आरपार येतो. त्या चित्रासमोर कलेचा इतिहासकार उभा राहिला की आवाज खाली येतो. तोच इतिहासकार दिव्याच्या बाईसमोर आला की मिश्कील हसतो. दोन्हीकडे डोळ्यांना जे दिसतंय ते सारखंच आहे. मग फरक नेमका कशानं पडला?

मला वाटतं, भिंतीनं. एक चित्र लूव्ह्रमध्ये आहे, दुसरं दवाखान्यात.

तिसरा आक्षेप भावुकतेचा, आणि इथे मी थोडा मागे सरकतो. ‘ग्लो ऑफ होप’ हे नाव मला कधीच पटलेलं नाही. ते चित्राच्या खांद्यावर बसून प्रवचन करतं. शिवाय साडीतली सुंदर बाई आणि हातात दिवा, ही जोडी आपल्याकडे इतकी वापरली गेली आहे की घरचा उजेड सांभाळणं हे तिचंच काम, असं चित्र न बोलता म्हणतं की काय, ही शंका रास्त आहे. ती मला पुरती खोडता येत नाही. त्या काळच्या मुंबईच्या चित्रकारांनी बाईला पुष्कळदा असंच उभं केलं.

पण नाव पुसून टाका आणि चित्रात काय घडतंय ते बघा. आशा वगैरे काही घडत नाही. वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून एक हात आडवा धरला आहे, एवढंच. ही पोज नाही, काम आहे. तुळशीपाशी सांजवात लावायला निघालेल्या बाईनं ते केलेलं आहे, कंदिलाची काच फुटल्यावर पडवीत आलेल्या बाप्यानं केलेलं आहे आणि भारनियमनाच्या वर्षांत दहावीच्या अभ्यासाला मेणबत्ती घेऊन गच्चीवर गेलेल्या पोरांनीही केलेलं आहे. हात किती जवळ न्यायचा, चटका कुठे सुरू होतो, हे हाताला ठाऊक असतं. चित्र बघताना तळव्याला ते आठवतं. लोकांना चित्र ‘कळतं’ ते इथे, आणि हे कळणं भावुकतेहून फार निराळं, फार नेमकं आहे. लोक ते शब्दांत मांडत नाहीत, ‘किती जिवंत वाटतं’ एवढंच म्हणून थांबतात. समीक्षकानं तिथून पुढे बोलायचं असतं. तो त्या वाक्याला हसून मोकळा होतो.

या हसण्याचं मूळही सांगायला हवं. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला, तो जे. जे.च्या अकादमिक वळणाविरुद्ध. त्यांना तसं करावंच लागलं असतं. प्रदर्शनांत बक्षिसं मिळवणाऱ्या त्याच त्या सुबक चित्रांनी हवा कोंदली होती. गंमत म्हणजे रझा आणि गाडे या दोघांनीही सुरुवातीला उत्तम जलरंग केले होते. त्या माध्यमात काय लागतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं बंड कमावलेलं होतं. आजच्या जाणकारानं बंड केलेलं नाही, त्यातला तुच्छतेचा भाग तेवढा वारशानं घेतला आहे.

चौथी गोष्ट आक्षेप नाही, टोमणा आहे: ‘ज्यांना चित्रकाराचं नाव माहीत नाही, त्यांच्या आवडीला काय किंमत?’ खरं आहे, हे चित्र सर्रास राजा रविवर्म्याच्या नावावर खपतं. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी वारले, त्यांची ख्याती तैलरंगाची. घोटाळा कसा झाला असेल हे दिसतं: त्याच जगनमोहन राजवाड्यात रविवर्म्यांची चित्रं लागलेली आहेत, आणि १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्यांच्या छापखान्यानं देवादिकांच्या तसबिरी इतक्या घरांत पोचवल्या, की जुन्या वळणाचं कुठलंही देखणं चित्र आपण त्यांच्याच खात्यावर मांडतो.

हा आळस आहे, त्याचं समर्थन करू नये. हळदणकरांवर अन्याय होतो आणि रविवर्म्यांचंही भलं होत नाही. पण पंडितांनी यावरून लोकांना अडाणी म्हणू नये. वर ज्याचं नाव घेतलं तो ला तूर १६५२ साली वारला आणि पुढे अडीचशे वर्षं त्याचं नाव जवळपास पुसलं गेलं. त्याची चित्रं संग्रहालयांच्या भिंतींवर दुसऱ्यांच्या नावानं टांगलेली होती. रेन शहरातलं त्याचं नवजात बाळाचं अप्रतिम चित्र ल नँ याचं समजलं जाई. १९१५ साली हर्मान फोस या जर्मन अभ्यासकानं ते ओळखलं. म्हणजे भल्याभल्या तज्ज्ञांनी चुकीच्या नावाखाली बरोबर चित्रावर प्रेम केलं. उलट मी म्हणेन, नाव, किंमत, लिलावातला आकडा यांतलं काही ठाऊक नसताना जे चित्र माणसाला थांबवतं, त्याची परीक्षा जास्त कडक झालेली असते.

इथवर मान डोलवत आलेल्या एका वाचकाशी मात्र आता भांडायचं आहे. हे चित्र फोनवरून पुढे पाठवताना खाली ‘याला म्हणतात चित्र, नाहीतर आजकालचे ते फराटे’ असं लिहिणारा. त्यानं दिव्याच्या बाईची काठी केली आहे, दुसऱ्यांच्या टाळक्यात हाणायला. त्याच्या मते गायतोंडे म्हणजे फसवणूक.

वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं, तेही जे. जे.चेच. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि २०१५ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं. त्या आकड्यानं काही सिद्ध होत नाही, तो बाजूला ठेवा. ते काय करत ते पाहा. रोलरनं, सुरीनं रंगाचे पातळ थर चढवत, काही काढून टाकत, पुन्हा चढवत; शेवटी कॅनव्हासच्या आतून कुठूनतरी उजेड वर येतो आहे असं वाटू लागतं. बाई नाही, दिवा नाही, बोटं नाहीत. पण खालच्या उजेडाला वरच्या थरातून किती वाट द्यायची हा प्रश्न तोच आहे, जो हळदणकरांनी कागदावर सोडवला. ज्याला हळदणकरांच्या काळोखातली हवा जाणवते, त्याच्या डोळ्याला गायतोंडे परके वाटण्याचं कारण नाही. त्यानं फक्त तेवढा वेळ दिलेला नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. ती चित्रं मांडलेली असतील तेव्हा जावं आणि समोर दहा मिनिटं उभं राहावं. नाही आवडलं तर खुशाल नाही म्हणावं, पण डोळ्यांनी पाहून.

आणि फ्रेमवाल्यांना एक विनंती. प्रतीच्या खाली इंग्रजी नाव आणि फुलांची नक्षी छापता, तिथे एक ओळ जास्त मावते: सा. ल. हळदणकर, जलरंग. रविवर्म्याचं नाव छापल्यावर जेवढ्या प्रती खपतात, तेवढ्याच याही खपतील. गिऱ्हाईक नाव वाचून आत येत नाही, दिवा बघून येतं.