सव्वीस-पंचवीस

मैत्रिणींनो, या खेपेला कबड्डीबद्दल लिहिणार आहे. दचकू नका! कबड्डी म्हणजे आपला हुतुतूच की. शाळेच्या पटांगणावर फ्रॉकची कड खोचून तो आपल्यातल्या पुष्कळजणी खेळलेल्या आहेत. पुढं कुणाचा खेळ सातवीत सुटला, कुणाचा नववीत. सुटला तो सुटलाच. मग ‘आपल्या मुली जिंकल्या हो!’ असं घरात कुणी ओरडलं, की हातातली पोळी तव्यावर टाकून आपण टी.व्ही.पुढं धावतो, एवढंच.

७ ऑक्टोबर २०२३ ला असंच झालं. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई खेळ चालले होते आणि महिला कबड्डीचा अंतिम सामना आपला नि चायनीज तैपेईचा होता. (चायनीज तैपेई म्हणजे तैवान. खेळांत त्यांना हे नाव घ्यावं लागतं.) आपण जिंकलो, २६-२५. त्या खेळांतलं भारताचं ते शंभरावं पदक ठरलं. भारताला एकंदर १०७ पदकं मिळाली, त्यांत २८ सुवर्णपदकं. इतकी पूर्वी कधीच मिळाली नव्हती. साहजिकच जो तो शंभराबद्दल बोलत होता. मला मात्र त्या एका गुणानं घोर लावला.

कबड्डीत एक गुण म्हणजे किती, ते ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. चढाईला गेलेल्या मुलीच्या बोटाचा समोरच्या एकीला नुसता स्पर्श झाला आणि ती मध्यरेषेला पोचली, की एक गुण. बचाव करणारीचा पाय चुकून रेषेबाहेर पडला, तरी एक गुण. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात दम न सोडता ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जायचं नि परतायचं. दुधाला उकळी येऊन ते उतू जायला लागतो तेवढाच वेळ म्हणा ना! सुवर्ण आणि रौप्य यांत त्या दिवशी अंतर होतं ते इतकंच. मध्यंतराला आपण १४-९ असे चांगले पुढं होतो. उत्तरार्धात त्यांनी ते अंतर खाऊन टाकलं. आधी गटातही याच मुलींनी आपल्याला ३४-३४ असं बरोबरीत रोखलं होतं. आणि उपांत्य सामन्यात आपण नेपाळला हरवलं ते ६१-१७ असं! म्हणजे खेळ येत नव्हता असं मुळीच नाही. समोरच्यांनाही तो तितकाच यायला लागलाय, ही खरी गोष्ट.

आपण बायका हिशेबाच्या वहीत मागची पानं उलटून पाहतो ना, तशी इथंही पाहू या. पुरुषांची कबड्डी आशियाई खेळांत पदकासाठी आली १९९० साली, बीजिंगला. त्याआधी १९८२ च्या दिल्लीच्या खेळांत ती नुसती प्रदर्शनासाठी होती. आणि बायकांची? २०१० साली, ग्वांगझोऊला. वीस वर्षांचा फरक! त्या पहिल्या वेळी अंतिम सामन्यात आपण थायलंडला हरवलं, २८-१४. २०१४ ला इंचॉनमध्ये इराणला, ३१-२१. त्या संघात आपली अभिलाषा म्हात्रे होती. पुढं २०१५ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मग २०१८, जकार्ता. पुन्हा समोर इराण, आणि आपण हरलो, २४-२७. त्यानंतर हे २६-२५. आता वजाबाकी करा. आधी चौदानं जीत, मग दहानं जीत, मग तिनानं हार, मग एकानं जीत. आपल्या मुली वाईट खेळायला लागल्या असं मला यातून दिसत नाही. बाकीच्या शिकल्या, हे दिसतं. इराणचं तर अचानक काही झालंच नव्हतं. २०१२ साली पाटण्याला बायकांचा पहिला विश्वचषक झाला, त्याच्याही अंतिम सामन्यात इराणच्याच मुली होत्या. तेव्हा त्या २५-१९ अशा हरल्या होत्या. हरायच्या, घरी जायच्या, पुन्हा यायच्या.

आणि २०१८ साली त्यांना शिकवून उभं करणारी बाई कोण होती माहीत आहे? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन!

ही हकिकत वर्तमानपत्रांतून आली होती, पण पुष्कळजणींच्या नजरेतून निसटली असेल. शैलजाताईंनी नाशिकला वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवली. भारताच्या संघाला शिकवायची त्यांची इच्छा होती, ती जबाबदारी काही मिळाली नाही. इराणकडून बोलावणं आलं तेव्हा त्या गेल्या. निवृत्तीच्या वयाची बाई, शाकाहारी, परक्या मुलखात. फारसी शिकल्या, कारण मुलींशी बोलायचं तर मध्ये दुभाष्या ठेवून भागत नाही. सरावाला योगासनं नि प्राणायाम जोडले. दम धरण्याचाच खेळ तो, प्राणायामाचा उपयोग होणारच! दीडेक वर्षानं जकार्त्याला त्यांच्या मुली सुवर्णपदक घेऊन उभ्या राहिल्या नि शेजारी आपल्या मुली रौप्यपदक घेऊन रडत होत्या.

कुणी म्हणेल, मराठी बाईनं आपल्याच मुलींना हरवायला परक्यांना शिकवावं, हे शोभतं का? मला विचाराल तर पुरेपूर शोभतं. मास्तरीण तिच्यापुढं बसलेल्या मुलांना शिकवते. वर्गात कुणाला बसवायचं, हे ठरवणारे वेगळे असतात. शोभलं नाही ते हे, की इतकी जाणती बाई घरात असताना आपल्या मुली तिच्यापुढं बसल्या नाहीत.

हांगझोऊच्या संघाकडं आता जरा वेगळ्या नजरेनं बघा. कर्णधार रितू नेगी हिमाचलची. तिच्यासकट संघातल्या पाच मुली त्या एवढ्याशा डोंगराळ राज्यातल्या. आपल्या पुण्याची स्नेहल शिंदे संघात होती. पण हुतुतूचं माहेर आम्ही, असं म्हणणाऱ्या आपल्या एवढ्या मोठ्या महाराष्ट्राची नावं मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळतो. हार घालतो, भाषणं करतो. मुली कुठं जातात, ते मात्र कुणी विचारत नाही. शाळेत अर्धवेळ शिकवत असल्यामुळं मी पाहते. सातवीत कबड्डीला वीस-वीस मुली नावं देतात. नववीत सातजणी जमवताना खेळाच्या बाईंच्या नाकी नऊ येतात.

नेमक्या याच सुमाराला एका भगिनीचं पत्र आलं. नाव-गाव देत नाही. मुलगी आठवीत, शाळेच्या संघात, तालुक्याला खेळून आलेली. पत्रातला प्रश्न एवढाच, की ‘गुडघ्यांवर नि कोपरांवर काळे डाग पडलेत, ते जायला काय लावावं? सासूबाई म्हणतात, उद्या लग्नाच्या वेळी कसं दिसेल. त्या म्हणतात खेळच बंद करा.’ पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: ‘ती फार छान खेळते हो.’

ताई, आधी डागांचं. मातीच्या मैदानावर घसरलं की कातडी सोलवटते. घरी आल्या आल्या वाहत्या पाण्यानं नि साबणानं जखम धुवा. खडा-माती आत राहिली तर डाग जास्त काळ टिकतो. त्यावर चुना, चहापूड, टूथपेस्ट असलं काही लावू नका. स्वच्छ पट्टी बांधा. खपली धरली की मुलीला ती उकरू देऊ नका. ती आपोआप पडल्यावर साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावत जा. लिंबू चोळायचा सल्ला शेजारणी हमखास देतील. तो ऐकू नका, लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन आणखी काळवंडते. काही महिन्यांत डाग फिके पडतात. गुडघ्यांना नि कोपरांना पॅड मिळतात ते घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन दहाव्या नि सोळाव्या वर्षी देतात. दहाव्याचं झालंय ना, ते कार्डावर पाहून घ्या. आणि पाय मुरगळला तर पहिले दोन दिवस तेल चोळणं नको, शेकणंही नको. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पाऊल टेकवताच येत नसेल, तर डॉक्टर.

हे झालं विचारलेल्याचं. आता न विचारलेल्याचं. खेळ बंद करा असं घरात म्हणतात तेव्हा डाग हे निमित्त असतं, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. त्याच्या मागून पोशाख येतो. तर सासूबाईंना, भांडण न करता, इराणच्या मुलींचं चित्र दाखवा. डोक्याला कापड घट्ट बांधलेलं, मनगटापर्यंत बाह्या, पावलापर्यंत पाय झाकलेले. तशा पोशाखात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. अर्ध्या चड्डीखाली लांब घट्ट पँट घालून मुलगी खेळली तर चालतं का, ते खेळाच्या बाईंना विचारा आणि तोडगा काढा. कापडावरून कुणाचा खेळ बंद पडू नये.

मग येतो अभ्यास. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. त्याचे नियम शाळेकडून आत्ताच लिहून घ्या, ऐन वेळी धावपळ नको. सरकारी नोकऱ्यांत महाराष्ट्रात खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात आणि रेल्वेत तर कबड्डी खेळणाऱ्या पुष्कळ मुली नोकरीला आहेत. रितू नेगी त्यांतलीच. तेव्हा मुलीचं प्रत्येक प्रमाणपत्र फायलीत लावून ठेवा. तरीही नुसत्या नोकरीच्या आशेनं तिला खेळवू नका. सगळ्यांना ती मिळत नाही आणि मिळाली नाही तर सगळा खेळच फुकट गेला, असं घरात बोललं जातं. ते तिनं ऐकू नये.

एका गोष्टीत मात्र सासूबाईंच्या बाजूनं मी उभी राहीन. मुलगी परगावी सामन्याला जाते तेव्हा बरोबर कोण बाई आहेत, राहायची सोय कुठं, रात्री किती वाजता परत येणार, हे विचारायचं. कागदावर लिहून मागायचं. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं कुणी म्हटलं तरी विचारायचं. आई म्हणून तो तुमचा हक्क आहे. आणि उत्तर नीट मिळालं, तर मुलीला नीट पाठवायचं, रडत-कढत नाही.

खाण्याचं थोडक्यात. सरावाच्या दीड-दोन तास आधी पोटात हलकं काही हवं; रिकाम्या पोटी दम टिकत नाही. शेंगदाणे-गुळाचा लाडू, केळं, पोळीचा लाडू, काहीही. सरावाहून आल्यावर उसळ, दूध, चालत असेल तर अंडं. या वयात पाळी सुरू झालेली असते नि रक्त कमी असतं. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा देऊ नका. दमल्यासारखी दिसत असेल तर रक्त तपासून घ्या. कबड्डीत वजनाची अट असते, म्हणून काही मुली सामन्याच्या आधी उपाशी राहतात. ते तुमच्या घरात होऊ देऊ नका, आणि खेळाच्या बाई तसं सांगत असतील तर त्यांच्याशी बोला.

उरली ती नखं नि बांगड्या. कबड्डीत नखं बारीक कापलेली लागतात, अंगावर दागिना चालत नाही आणि अंगाला तेल चोळून जायलाही बंदी आहे. पंच सामन्याआधी तपासतात. तेव्हा बांगड्या काढल्या म्हणून आजी ओरडल्या, तर त्यांना सांगा की हा नियमच आहे. पैंजणही काढायला लावा. ते मुली विसरतात.

लोणच्याला बुरशी येण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या अंकी.