बनावट दवंडी

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत समजा कोणी कोतवालाचा आवाज काढून ‘आजची ग्रामसभा रद्द’ अशी दवंडी दिली, तर निम्मे लोक तरी अर्ध्या वाटेवरून परत फिरतील. वाय-फायचा कारभार बराच काळ याच भरवशावर चालला. ‘तुझी जोडणी संपली’ असे फोनला सांगणाऱ्या फ्रेमवर, म्हणजे डीऑथ नावाच्या संदेशावर, राउटरचे नाव असते, सही नसते. आणि नाव काय, पाठवणारा लिहील ते.

एरवी प्रोग्रॅम नुसता मजकूर देतो, पत्त्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम आणि वाय-फाय कार्ड बघतात. पण साथ देणारे कार्ड मॉनिटर मोडमध्ये टाकले आणि हाती रूटचे अधिकार असले, की लिनक्सवर अख्खी फ्रेम स्वतः जुळवून हवेत सोडता येते. ही मोकळीक वाईट नाही. तीन-चारशे रुपयांच्या ईएसपी३२ बोर्डावरचे ईएसपी-नाऊ अशाच वेगळ्या घाटाच्या फ्रेम पाठवते. राउटर नको, इंटरनेट नको. एका फ्रेममध्ये २५० बाइट तरी मावतात. विहिरीचे पाणी किती उरले, हे घरी कळवायला तेवढे रग्गड झाले. कुलपे तपासायलाही ही मोकळीक उपयोगी पडते. पुण्यात संशोधन केंद्र असलेल्या एअरटाइट नेटवर्क्सच्या विवेक रामचंद्रन आणि महंमद सोहेल अहमद यांनी २००७ साली दाखवून दिले, की बनावट पॅकेटे वापरून राउटरजवळ न फिरकताही एकट्या लॅपटॉपकडून डब्ल्यूईपी या जुन्या वाय-फाय सुरक्षापद्धतीची चावी काढता येते. कुलूप तकलादू आहे, हे असे कोणी उघडून दाखवल्याशिवाय पटत नाही.

खोडसाळांसाठी कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली नेटवर्क बंद पाडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण आधी तो सापडायला हवा. ईएसपी८२६६ चिपच्या लायब्ररीत कंपनीने डीऑथला मज्जाव केला, तेव्हा हौशींनी सरळ जुनी आवृत्ती वापरली. ढोल काढून घेऊन दवंडी थांबत नाही, हे तिथेच दिसले.

सहीची, म्हणजे संरक्षित मॅनेजमेंट फ्रेमची, सोय ८०२.११डब्ल्यू या मानकात २००९पासून आहे. २०१८च्या डब्ल्यूपीए३ या सुरक्षापद्धतीत ती सक्तीची झाली. बनावटगिरीचे सगळे प्रकार तिने थांबत नाहीत, पण ही दवंडी थांबते. तरीही त्याआधीच्या डब्ल्यूपीए२वर चालणाऱ्या कित्येक राउटरांत ती सेटिंगच्या तळाशी बंद पडून असते. सक्तीची केली तर जुने फोन जोडले जात नाहीत, म्हणून बसवणारा तिकडे बघतही नाही. तिथे ‘ऐच्छिक’ असाही पर्याय असतो. नवे फोन सही मागतात, जुने पूर्वीसारखे चालतात. सार्वजनिक वाय-फायची निविदा काढणाऱ्याने ‘संरक्षित मॅनेजमेंट फ्रेम चालू करून द्याव्यात’ एवढी एक ओळ जास्त लिहावी. तिला वेगळा खर्च नाही.